बैलाचा इसार आणि स्वाइप मशीन

"मॅडम, माया इसार द्या."

मी पावती लिहीत होते. मान वर केली तर टेबलापुढे आसेगावचे गुलाबराव उभे. एका हातात बैलाचा कासरा, दुसरा हात माझ्यापुढे पसरलेला. बैलही सोबत होता आणि माझ्या पावतीपुस्तकाचा वास घेत होता.

"कोनता इसार?"

"या बैलाचा. अकराशे रुपये. तुमच्या सायबानं त्या केनवडच्या मानसाले मशीनीत टाकायले लावले. तीन घंटे झाले, मी वाट पाहून राह्यलो. द्या आता, मले दुसरेही कामं हायेत."

"गुलाबराव, मायाजवळ कुठून येईन तुमचा इसार?"

"मंग मशीन कोनाची हाये?"

मशीन माझ्याच टेबलावर होती. प्रश्न अगदी रास्त होता. मी सकाळी मशीनमधून निघालेली चिठ्ठी शोधली, वाचली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आधी मी कोण ते सांगते. वाशिम जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत मी लिपिक आहे. कोणत्या, ते सांगत नाही, अजून चार वर्षं नोकरी करायची आहे. आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे बैलबाजार भरतो आणि त्या दिवशी पावतीचं टेबल माझ्याकडे असतं. आडनाव खिल्लारे, नोकरी बैलबाजारात. यावर करता येतील ते सगळे विनोद पंधरा वर्षांत करून झालेले आहेत, तुम्ही नव्याने करू नका. बाजारात मला सगळे मॅडम म्हणतात. भांडण वाढलं की बाई म्हणतात.

माझं काम साधं आहे. बैल विकला गेला की विकणारा कोण, घेणारा कोण, बैलाचा रंग, शिंगं, दातांवरून वय, कानातल्या बिल्ल्याचा नंबर हे सगळं लिहून मी पावती फाडते आणि समितीची फी घेते. त्या पावतीशिवाय जनावर गेटच्या बाहेर जात नाही. रस्त्यात कोणी अडवलं तर तीच दाखवायची. बैल कोणाचा, याचा दुसरा पुरावा नसतो.

आता इसार. सौदा ठरला की घेणारा विकणाऱ्याच्या हातात थोडी रक्कम ठेवतो. पाचशे, हजार, अकराशे. ती हातात पडली की बैल घेणाऱ्याचा झाला. उरलेले पैसे बाजार उठेपर्यंत द्यायचे. मधल्या वेळात कोणी जास्त भाव दिला तरी विकणारा फिरत नाही. कुठे लिहून ठेवत नाहीत, सही नाही, अंगठा नाही. इसार घेऊन फिरलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. इसार घेण्याआधी फिरलेले मात्र दर बाजारी पाहते, आणि त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

आमच्या सचिव साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते वर्षभरापूर्वी शहरातून आलेले. हुशार माणूस, पण बैलाच्या मागून जाताना अजून नाकाला रुमाल लावतात. त्यांनी मे महिन्यात आदेश काढला की येत्या बाजारापासून आमचा बैलबाजार रोखमुक्त. गेटवर मोठा फ्लेक्स लागला. भोंगा लावलेली गाडी केनवडपासून आसेगावपर्यंत फिरली. 'बैलबाजारात रोख रक्कम चालणार नाही, कार्ड किंवा मोबाईलनेच पैसे द्यावेत.' लोकांनी ऐकलं आणि बाजाराला येताना नेहमीसारख्या नोटा बंडीच्या आतल्या खिशात घालून आणल्या.

मी काही रोखीची भक्त नाही. माझा किराणा, भाजी, गॅस, मुलीची फी, सगळं मोबाईलवरून जातं. बाजाराच्या गेटवर चहाची टपरी आहे, तिथे दहा रुपयांच्या चहालाही लोक फोन काढून तो काळा-पांढरा चौकोन स्कॅन करतात. तीच माणसं आत आली की बैलाचे चाळीस-पन्नास हजार नोटांनी देतात. मी एकदा चाँदभाईंना विचारलं होतं, हे उलटं कसं. चाँदभाई म्हणजे आमच्या बाजारातले सर्वांत जुने दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्या मध्ये बसून रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. ते म्हणाले, "मॅडम, चाय पेली का खतम. बैल दारात उभा राह्यते. ज्याच्यासाठी उद्या भांडन होऊ शकते, थे हातात घेतल्याबिगर कोनी सोडत नाई."

मी हे साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेब म्हणाले, "खिल्लारे मॅडम, मानसिकता बदलायला वेळ लागतो." मानसिकता हा शब्द आला की मी गप्प बसते. पुढे काही ऐकलं जात नाही.

मशीन आली. दुकानात कार्ड घासतात ती छोटी मशीन. तिला रेंज लागते, आणि आमच्या मैदानात रेंज फक्त पाण्याच्या हौदाजवळ येते. म्हणून माझं टेबल कडुनिंबाखालून उचलून हौदाजवळ नेलं. बैल पाणी प्यायला येतात तेव्हा माझ्या खुर्चीला ढकलून येतात. दोनदा शाई सांडली. तिसऱ्यांदा एका गोऱ्ह्याने माझी ओढणी चावली.

आणि सकाळी दहा वाजता साहेब फोटोग्राफर घेऊन आले. त्यांना पहिल्या रोखमुक्त व्यवहाराचा फोटो हवा होता. बाजारभर फिरून त्यांना कार्डवाला एकच माणूस सापडला. केनवडचे नामदेवभाऊ.

नामदेवभाऊंना मी ओळखत होते, कारण ते सलग पाचव्या बाजाराला आले होते. चार एकर शेती. जोडीतला एक बैल हिवाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. एक बैल उरला. एका बैलाचा काही उपयोग नसतो, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. शिवाय हव्या त्या बैलाशी जोडी जमत नाही. बैल लहानपणापासून जुवाच्या एकाच बाजूला चालायला शिकतो, कोणी उजव्या अंगाला, कोणी डाव्या. नामदेवभाऊंचा उरलेला बैल उजव्या अंगाचा. त्यांना डाव्या अंगाचा, त्याच उंचीचा, तशाच चालीचा हवा होता. ट्रॅक्टर भाड्याने घ्या, असं मी त्यांना आधी म्हणाले होते. त्यावर ते म्हणाले होते, "पेरनं होऊन जाईन ट्रॅक्टरनं. पन सोयाबीन गुडघ्याएवढं झाल्यावर डवरा कोन ओढीन? ट्रॅक्टर उभ्या पिकात जाते का?" डवरा म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायचं कोळपं.

त्या दिवशी गुलाबरावांचा बैल त्यांना जमला. चाँदभाईंनी रुमालाखाली बेचाळीस हजारांवर सौदा पक्का केला. पेरणी आठ-दहा दिवसांवर आलेली. नामदेवभाऊंचा चेहरा सकाळी मी लांबून पाहिला, पोरगी चांगल्या घरी पडल्यासारखा दिसत होता.

नामदेवभाऊंकडे कार्ड का होतं? कारण त्यांनी भोंग्यावरचं ऐकलं होतं. सगळ्या तालुक्यात त्यांनीच. घरात बैलासाठी ठेवलेले पैसे आदल्या दिवशी नेऊन बँकेत भरले, आणि वर्षभर पाकिटात न उघडता पडलेलं कार्ड घेऊन बाजाराला आले. खिशात जीपच्या भाड्यापुरते पैसे.

इसार द्यायची वेळ आली तेव्हा साहेबांनी मध्ये हात घातला. "थांबा, इसार कार्डाने द्या. मशीनवर." गुलाबराव आणि नामदेवभाऊ दोघंही हौदाजवळ आले. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला दोन हेड्यांची भांडणं सोडवत होते. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी, एकीकडे घेतो, दुसरीकडे विकतो. साहेबांनी स्वतःच्या हाताने कार्ड घासलं, नामदेवभाऊंनी आकडे दाबले, फोटो निघाला. साहेब गुलाबरावांना म्हणाले, "मिळाले पैसे." आणि गाडीत बसून पाहुण्यांबरोबर जेवायला वाशिमला गेले.

ज्या खात्याला मशीन जोडलेली असते, पैसे त्याच खात्यात जातात. ही मशीन समितीच्या फीसाठी घेतलेली होती. त्यामुळे नामदेवभाऊंचा इसार समितीच्या खात्यात 'बाजार फी' म्हणून जमा झाला. गुलाबरावांना एक नवा पैसा मिळाला नाही. आणि गुलाबरावांना वाटत होतं की पैसे मशीनच्या पोटात आहेत, मॅडम काढून देतील.

हे सगळं मी त्यांना समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे मायाजवळ इसार आलाच नाई."

"आला नाई, पन येईन."

"कवा?"

मी साहेबांना फोन लावला.

"सर, सकाळचे ते अकराशे समितीच्या खात्यात गेले."

"मग छान झालं ना. जमा झाले."

"सर, ते समितीचे नव्हते. बैलवाल्याचे होते."

पलीकडून ताटांचा आवाज आला. साहेब म्हणाले, "रिफंड करून टाका."

"रिफंड नामदेवभाऊंच्या कार्डावर जाईल, आणि त्याला पाच-सात दिवस लागतील. बाजार आज आहे."

"मग पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. ठराव करून रक्कम देऊ."

"मीटिंग पुढच्या महिन्यात आहे, सर. म्हणीतला बैल गेल्यावर झोपा करतात. इथे खरा बैल चालला आहे."

"मॅडम, एवढं पर्सनली घेऊ नका. शेतकऱ्यांना समजावून सांगा."

आणि फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. माझ्यासमोर बैल, बैलवाला, आणि आता त्याच्या मागे एक हेडी येऊन उभा होता. बाहेरच्या जिल्ह्यातला, बोटात तीन अंगठ्या. त्याने आमचं सगळं बोलणं ऐकलेलं.

"इसार नाई भेटला तं सौदा कायचा?" तो गुलाबरावांना म्हणाला. "मी सेहेचाळीस देतो. नगदी. आत्ताच्या आत्ता." खिशातून नोटांचं बंडल निघालंसुद्धा.

गुलाबरावांनी बंडलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, पावती फाडा याच्या नावानं."

"गुलाबराव, सकाळी सौदा झाला नं तुमचा? चाँदभाईनं केला."

"सौदा झाला, इसार नाई झाला. मी कोनाची फसवनूक करून राह्यलो का? मले कोनी एक रुपया देल्ला का?"

त्यांचं खोटं नव्हतं, हाच खरा त्रास होता. ते लबाड असते तर मी दोन शब्द सुनावले असते. पण बाजाराच्या रीतीने ते मोकळेच होते. इसार हातात पडला नव्हता. चूक आमच्या साहेबांची, आणि बैल जाणार नामदेवभाऊंचा.

नामदेवभाऊ तेवढ्यात धावत आले. चाँदभाईंनी त्यांना झाडाखालून उठवून आणलं होतं. तिथे ते घरी फोन करून बैलाचा रंग सांगत बसले होते. मी त्यांना झालेला प्रकार सांगितला. त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली, नीट घडी करून ठेवलेली.

"मॅडम, हे पाहा. पैशे कटले. बँकेचा मेसेज बी आला."

"कटले, भाऊ. पन गुलाबरावच्या हातात नाई गेले."

"मंग कोनाच्या हातात गेले?"

"आमच्या."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा घडी करून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "तुमीच सांगतलं होतं नं, नगदी चालनार नाई म्हनून." तुम्ही म्हणजे समिती. पण टेबलावर मीच होते. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

हेडी घाईला आला होता. "बाई, फाडा नं पावती. कायले टाइम लावता?"

बाई म्हटल्यावर मी पावतीपुस्तक मिटलं. "जेवनाची सुट्टी," म्हणाले.

"दोन वाजले नाईत अजून."

"मले भूक लागली."

डबा उघडला. ज्वारीची भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी. आयुष्यात इतक्या सावकाश मी कधी जेवले नसेन. एकेक घास करून. हेडी समोर उभा, बैल बाजूला उभा, गुलाबराव बैलाच्या पाठीवरून हात फिरवत. पावतीशिवाय बैल गेटबाहेर जात नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती. ती मी भाकरीबरोबर चावत बसले.

जेवता जेवता विचार केला. अकराशे रुपये रोख गुलाबरावांच्या हातात पडले की सौदा बांधला जाईल. मग बाजार उठेपर्यंत वेळ मिळेल आणि बाकीचे पैसे नामदेवभाऊ बँकेतून काढून आणतील. प्रश्न अकराशेचा. मी माझी पर्स उघडली. आत एकशे दहा रुपये, दोन कार्डं आणि मुलीचा फोटो. पंधरा वर्षांची नोकरी, आणि बैलबाजारात मी बिनपैशाची बसले होते. दिवसभर भोंग्याला शिव्या घालत होते, आणि रोखमुक्त झालेली बाजारातली दुसरी व्यक्ती मीच निघाले. चाँदभाईंनी खिसे चाचपले. त्यांची दलाली संध्याकाळी मिळते. त्यांच्याकडे तीनशे होते.

मग माझी नजर फीच्या पेटीकडे गेली. फीही कार्डानेच घ्यायची असा आदेश होता, पण मशीनला अकरानंतर रेंजच आली नव्हती. मी सगळ्यांकडून रोख घेतली होती. पेटी भरलेली होती. त्या पेटीतून एक रुपयाही बाहेर द्यायचा मला अधिकार नाही. तो पैसा मोजून भरणा करायचा असतो. हे मला चांगलं माहीत होतं.

मी साहेबांना पुन्हा फोन लावला.

"सर, पेटीतून अकराशे परत देते. खात्यात तेवढेच जास्त आले आहेत. व्हाउचर करते, तुम्ही उद्या सही करा."

"खिल्लारे मॅडम, रोखमुक्त बाजाराच्या दिवशी रोख परतावा? हे कागदावर कसं दिसेल?"

"सर, कागदावर सकाळचा फोटोही दिसणार आहे. त्यात कार्ड तुमच्या हातात आहे."

मग ते म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. तुमच्या जबाबदारीवर करा."

आमच्या खात्यात याला परवानगी म्हणतात. मी कोऱ्या कागदावर व्हाउचर लिहिलं: 'मशीनवर चुकून समितीच्या खात्यात जमा झालेली रक्कम परत.' नामदेवभाऊंची सही घेतली, साक्षीदार म्हणून चाँदभाईंची घेतली. पेटीतून अकराशे काढून नामदेवभाऊंच्या हातात दिले. त्यांनी ते चाँदभाईंकडे दिले, कारण इसार दलालाच्या हातून जातो. चाँदभाईंनी ते गुलाबरावांच्या तळहातावर ठेवले आणि वरून स्वतःचा हात दाबला.

"इसार," चाँदभाई म्हणाले.

गुलाबरावांनी नोटा कपाळाला लावल्या आणि खिशात टाकल्या. "झाला," ते म्हणाले. कासरा त्यांनी हौदाच्या कडीला बांधला आणि खाली बसले. हेडीने पुन्हा तोंड उघडलं, तर त्याच्याकडे बघितलंही नाही.

पुढची अडचण म्हणजे बाकीचे पैसे. गुलाबरावांना खात्यावर नको होते, नगदी हवे होते. खातेनंबर पाठ नाही, पासबुक आसेगावला, फोनवरचं सगळं मुलगा बघतो आणि मुलगा पुण्याला. एटीएमला एका दिवसाची मर्यादा असते, तेवढ्याने भागणार नव्हतं. नामदेवभाऊंचं पासबुक केनवडला घरी आणि त्यांची बँकही तिथेच. चाँदभाईंनी मोटारसायकलला किक मारली. "बसा मांगं," एवढंच म्हणाले. दोघं गेले तेव्हा अडीच वाजून गेले होते. बँकेचा काउंटर कधी बंद होतो ते आम्हा तिघांनाही नक्की माहीत नव्हतं.

मी पावत्या फाडत राहिले. साडेतीन, चार. बाजार आमचा पाचला उठतो. पाचनंतर पावती फाडायची नाही, असाही एक आदेश आहे. साडेचारला मी चाँदभाईंना फोन केला, लागला नाही. हेडी गेलेला नव्हता. त्याने दुसरे चार बैल घेतले होते, ते पिकअपमध्ये चढवून तो परत आला आणि गुलाबरावांशेजारी बसला. मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, थो काही येत नाई आता. बँक बंद झाली असन. सत्तेचाळीस घ्या."

"नाई."

"अट्ठेचाळीस. सहा हजार जास्त भेटून राह्यले तुमाले. त्याचे अकराशे त्याले वापस करा, काय बिघडते?"

"इसार घेतला मी," गुलाबराव म्हणाले.

"बाजार उठेपर्यंत असते इसार. पाच वाजले."

गुलाबरावांनी आजूबाजूला पाहिलं. बाजार जवळपास रिकामा झाला होता. शेणाचे ढीग, कडब्याच्या काड्या, टपरीवाला भांडी घासत होता. "मी बसेल हावो नं अजून," ते म्हणाले. "मंग उठला कोठी?"

हेडी माझ्याकडे आला. "मॅडम, तुमीच सांगा त्याले. कायदा काय हाये?"

"बाजार उठल्याशिवाय मी काही सांगू शकत नाई," मी म्हणाले आणि टेबलाचा ड्रॉवर पुन्हा उघडला. तोपर्यंत मी तो बंद केला होता.

त्याने गाडी सुरू केली आणि गेला. खरं सांगते, मला त्याचाही राग नव्हता. त्याचं काम तो करत होता. मला दिवसभर राग आला तो जेवायला गेलेल्या माणसाचा.

सहा वाजून गेल्यावर मोटारसायकल आली. नामदेवभाऊ मागे बसलेले, पोटाशी उपरण्याचं गाठोडं धरलेलं. बँकेत मोठ्या नोटा संपल्या होत्या, सगळी रक्कम शंभरात मिळाली होती. त्यात काउंटरवर दोन तास रांग. मोजणीचं सांगत बसत नाही, पण ती होईपर्यंत मी हौदाच्या कडेला बसून राहिले, आणि बैलाने माझ्या टेबलावरची मशीन शिंगाने खाली पाडली. मी ती उचलली. मशीन चालू होती, दुर्दैवाने.

पैसे झाल्यावर गुलाबरावांनी आपलं दावं सोडून घेतलं. विकणारा आपलं दावं बैलाबरोबर देत नाही, घरची बरकत जाते म्हणतात. नामदेवभाऊंनी नवं दावं घातलं. बैलाने मान हलवली, मग शांत झाला. मी पाचनंतरची पावती पाचच्या आधीची वेळ टाकून फाडली. ती माझी त्या दिवसाची दुसरी चूक, आणि तीही कबूल आहे.

नामदेवभाऊ बैल घेऊन गेटपर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं काही राहिलं. ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या बाजाराले कार्ड आनू का नगदी?"

"आता कायचा बाजार? जोडी झाली नं तुमची?"

"माया भाचा येनार हाये बैल घ्यायले. त्यानं इचारलं तं काय सांगू?"

मी म्हणाले, "नगदी." समितीच्या टेबलावर बसून, समितीच्या फ्लेक्सखाली, मी हे म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि गेले.

गुलाबराव जाताना मी त्यांना विचारलं. मला राहवलं नाही. "दुपारी तं तुमी सेहेचाळीसले द्यायले तयार होते. संध्याकाळी अट्ठेचाळीस बी सोडले. असं काहून?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असा चेहरा झाला. "दुपारी मी मोकळा होतो. मंग इसार आला. आला का नाई?"

"आला."

"मंग?" ते म्हणाले आणि दावं खांद्यावर टाकून निघाले.

आठवड्याने मला कारणे दाखवा नोटीस आली. रोखमुक्त बाजाराच्या दिवशी पेटीतून रोख रक्कम कोणत्या अधिकाराने दिली, याचा खुलासा करावा. खाली साहेबांची सही. मी खुलासा लिहिला, एकूण दोन ओळींचा: ज्या अधिकाराने समितीने ती रक्कम घेतली, त्याच अधिकाराने परत दिली. त्यावर पुढे काही आलं नाही. मशीन आता ऑफिसात कपाटावर आहे. फ्लेक्स उतरवून एका दलालाने बैलांच्या मांडवावर टाकला. माझं टेबल पुन्हा कडुनिंबाखाली गेलं. गेल्या महिन्यात काही तरुण पोरांनी मोबाईलवरून एकमेकांच्या खात्यात थेट पैसे टाकून बैल घेतले, आणि ते व्यवस्थित झालं. इसार मात्र त्यांनीही नोटांनीच दिला. कोणी सांगितलं नव्हतं.

कार्डाची चूक नव्हती, नोटांचाही मोठेपणा नव्हता. मशीन घेताना आम्ही बॅटरी विचारली, रेंज विचारली, वॉरंटी विचारली. बाजारात पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातो, ते कोणी विचारलं नाही. आणि सरकारी आदेश कोणी ऐकत नाही, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. शंभरात एक जण ऐकतो. तो बिचारा नामदेवभाऊंसारखा असतो. त्या एकाचं नुकसान होणार नाही, एवढं बघून मग आदेश काढावा.